डावी दांडी

४ डिसेंबर

धंतोलीच्या डॉक्टरनं सांगतलं, रोज डाव्या हाताचा किती व्यायाम केला ते लिहून ठेवा. औषधवाल्यानं ही डायरी फुकट देल्ली. सोबत एक रबराचा बॉल देल्ला, दाबायले. मी काही तो दाबणार नाई. सत्तरीचा माणूस महालच्या गल्लीत ओट्यावर बसून बॉल दाबून राहिला, लोक काय म्हणतील? म्हणून व्यायाम नाई, जे घडलं ते लिहितो. डायरी वाया जाऊ नये.

तं आज काय घडलं. सौरवनं माझ्या स्कूटरची किल्ली लपवली. पोटचा पोरगा. दिवाळीच्या आधी मले एक झटका येऊन गेला, त्यात डावा हात जरा सुस्त झाला. जरासाच. शर्टाची बटणं बायको, शामला, लावून देते, बस्स. सौरव म्हणे, "बाबा, तुमची गाडी जुनी. क्लच, गेअर सगळं डाव्या हातात. हातच वळत नाई तं गेअर कसा टाकाल?"

मी म्हटलं, "लेका, जन्म गेला उमरेड लाइनवर एसटी चालवण्यात. मले गेअर शिकवून राहिला का?"

तं म्हणे, "एसटीचा गेअर तरी कोणत्या हातानं टाकत होते?"

खरं बोलला. म्हणूनच जास्त राग आला.

उमरेडचाच कोणी माणूस संक्रांतीनंतर स्कूटर घ्यायले येणार आहे म्हणे. माझी गाडी, अन् माझ्याच लाइनवरचं गिऱ्हाईक.

७ डिसेंबर, रविवार

सून उत्तरा एक लांब खोका घेऊन आली. ती शाळेत विज्ञान शिकवते. खोक्यात फोमचं विमान, सुटं सुटं. बॅटरीवर चालते, रिमोटनं उडते.

"बाबा, शाळेत प्रदर्शन आहे. हे जोडून, उडवून दाखवा लागते. शाळेत कोणाले जमत नाई. तुम्ही मशीनचे माणूस."

मी म्हटलं, "खेळणं आहे वं हे. मले नको."

"बरं. मंग श्रीधरकाकांले देते."

श्रीधर आमचा शेजारी. पेन्शन घेते अन् दिवसभर मोबाईल पाहून साऱ्या जगाले शिकवते. त्याच्या हाती गेलं तं पुढची पाच वर्षं गल्लीत दुसरा विषय नाई.

"ठेव इथी," म्हटलं.

शामला आतमधी हासली. काहून हासली विचारलं तं म्हणे, "कुठं? खोकला आहे मले."

९ डिसेंबर

विमान जोडणं म्हणजे काही भारी काम नाई, पण स्क्रू तिळाएवढे. एक पडला, दुसरा पडला. उत्तरा म्हणे, "बाबा, स्क्रू डाव्या चिमटीत धरायचा अन् उजव्या हातानं पेचकस. पुस्तकात तसंच लिहिलं आहे."

असं कोणत्या पुस्तकात लिहितात? पण कंपनीचं पुस्तक, चिनी अक्षर, आपल्याले कुठं वाचता येते. धरला डाव्या चिमटीत. एक पंख बसवायले जेवायची वेळ झाली.

१२ डिसेंबर

रिमोटले दोन दांड्या. उजवी दांडी विमानाले वर-खाली करते, आडवं झुकवते. डावी दांडी म्हणजे ॲक्सिलेटर. वर ढकलली की मोटर जोरात. ती सरकताना टिक टिक टिक अशी अंगठ्याले लागते. उजव्या दांडीले स्प्रिंग आहे, सोडली की मधी येते. डावीले नाई. ती जिथी ठेवाल तिथी राहते. म्हणजे सगळं काम आळशी अंगठ्याकडं.

मी म्हटलं, "ॲक्सिलेटर उजवीकडं नाई घेता येत का? ड्रायव्हर माणसाचा उजवा पाय त्याच्यावर असते."

"नाई बाबा, फिक्स आहे," उत्तरा म्हणे.

श्रीधर बाजूलेच बसला होता. म्हणे, "अगं उत्तरा, बदलता येते ते. व्हिडिओमधी..." तेवढ्यात शामलानं त्याच्या पुढ्यात पोह्याची बशी आपटली. बोलायचं राहूनच गेलं त्याचं. बरं झालं.

१४ डिसेंबर, रविवार

आज पहिली ट्रिप. पाचगावच्या पुढं एक लेआउट पडला आहे. कमान आहे, प्लॉटचे दगड आहेत, मधातून सिमेंटचा सरळ रस्ता आहे अन् घर एकही नाई. एसटी चालवताना रोज पाहत होतो. म्हटलं हेच आपलं विमानतळ.

श्रीधरच्या गाडीत गेलो. मी मागच्या सीटवर. उमरेड रोडवर मी मागच्या सीटवर! श्रीधर तिसऱ्या गेअरमधी ट्रकच्या मागं लपून चालवते. मी दात आवळून बसलो.

विमान रस्त्यावर ठेवलं. डावी दांडी वर केली. निघालं, खडखड करत पळालं, जरासं उचललं अन् धपकन नाकावर पडलं. पुन्हा केलं. पुन्हा नाकावर.

उत्तरा म्हणे, "बाबा, अंगठा पूर्ण वर गेला होता का?"

"गेला होता."

"नक्की?"

"बॅटरी कमजोर आहे. अन् डोकं जड आहे याचं."

घरी येऊन तिनं काढलेला व्हिडिओ पाहिला. विमान कुठंच नाई. नुसता माझा हात अन् रिमोट. शिकलेली पोरगी, अन् साधा मोबाईल धरता येत नाई.

१६ डिसेंबर

इलाज मले ठाऊक आहे. लहानपणापासून संक्रांतीले पतंग बनवल्या. पतंग गरगर करत डोकं खाली घालून आली तं मागं चिंधी बांधायची. शेपटी जड झाली की पतंग शांत होते. इथी बॅटरी नाकाच्या डब्यात असते, ती मागं सरकवली. वरून शेपटीले दोन नट टेपनं चिकटवले.

श्रीधर म्हणे, "देवाजी, असं नको करू गा. पंखाखाली दोन ठिपके आहेत. तिथी बोटं लावून तोलून पाहा लागते. नाक थोडं खाली पायजे."

मी म्हटलं, "तू कवा पतंग उडवली का?"

"पतंगीचं काय काम?"

"उडते ना ती? मंग झालं तं."

२१ डिसेंबर, रविवार

आज सौरवही आला. यायले नको होता.

अंगठा मी आज तळहातानं रेटून वर केला. विमान पळालं, उचललं अन् सरळ आभाळाकडं तोंड. खांबासारखं उभं. क्षणभर लटकलं अन् शेपटीवर उलटं खाली. पंखाले भेग पडली, नाक चेपलं.

सौरव हासून हासून खाली बसला. म्हणे, "बाबा, रॉकेट होय का हे?"

माझं डोस्कं फिरलं. म्हटलं, "ऐक. हेच विमान मी उडवून, गोल फिरवून, याच रस्त्यावर चाकावर उतरवून दाखवलं तं किल्ली देशील?"

"द्या उतरवून. देतो."

"अन् स्कूटर विकायची नाई."

"नाई विकत. पण डॉक्टरनं हो म्हटलं तंच."

उत्तरा म्हणे, "मी साक्षीदार." एवढ्या पटकन बोलली की जशी वाटच पाहून राहिली होती. माझ्या बाजूनं आहे पोरगी. व्हिडिओत आजही विमान नाई, ते सोडा.

२३ डिसेंबर

भेग चिकटवली. पंख सुकेपर्यंत डाव्या हातानं दाबून धरा लागते म्हणे. बसलो धरून.

सगळे झोपल्यावर, म्हणजे दुपारी, विमान घेतलं. ठिपक्यांवर दोन बोटं लावली. एक या हाताचं, एक त्या हाताचं. शेपटी भद्दकन खाली गेली.

नट काढून टाकले. बॅटरी पुढं सरकवली. पुन्हा तोललं. नाक जरासं खाली, बाकी समांतर. पोटातला तराजू बरोबर बसला की हातालेच समजते.

श्रीधर बरोबर होता. त्याले सांगायचं काही काम नाई.

२४ डिसेंबर

श्रीधरनं विमान पाहिलं, शेपटीले नट नाई तेही पाहिलं. नुसता चहा प्याला अन् माझ्याकडं पाहत बिस्कीट बुडवलं. हे बोलण्यापेक्षा वाईट.

२६ डिसेंबर

शामलानं तुरीच्या ओल्या शेंगांचा ढीग पुढ्यात ओतला. "सोलून द्या. सोल्याची भाजी करते."

"दुकानात सोललेले दाणे भेटतात वं."

"त्याइले चव नसते, अजी."

काल हिरवे वाटाणे, आज तूर, उद्या काय आणते देव जाणे. या घरात सगळ्याइले एकाएकी सोललेलं चालेनासं झालं. भाजी मात्र फसकिलास.

२८ डिसेंबर, रविवार

उडालं!

अंगठा वर गेला, टिक टिक टिक, शेवटपर्यंत. रस्ता सुटला अन् विमान हवेत. सरळ, शांत, जसं त्याले कायमच तिथी राहायचं होतं. डावीकडं थोडं ओढत होतं. दांडीच्या बाजूले बारीक बटण असते, ते उजवीकडं दाबलं तं ओढणं बंद. स्टेरिंग एका बाजूले ओढत असलं तं व्हील अलाइनमेंट करतात, तसंच.

मी ओरडलो. काय ओरडलो ते शामलाले उत्तरानं सांगतलं, इथी लिहिण्यासारखं नाई.

मंग वळवलं अन् माझ्याकडं यायले लागलं. इथी गडबड. विमान आपल्याकडं तोंड करून आलं की डावं-उजवं उलटं होते. पंख झुकला, मी भलतीकडं दांडी मारली, आणखी झुकला, अन् गेलं बाभळीत.

श्रीधर म्हणे, "तोंडासमोर येत असलं तं ज्या बाजूचा पंख खाली, त्याच बाजूले दांडी न्यायची. खालून टेकू देल्ल्यासारखी."

मी म्हटलं, "आधी काहून नाई सांगतलं?"

"तू ऐकतो का?"

बाभळीतून काढताना त्याचा सदरा फाटला. तरी विमान त्यानंच काढलं. हे लिहून ठेवतो.

१ जानेवारी

नवीन वर्ष. सकाळी अंघोळ करून बाहेर आलो तं शामला माझ्याकडं पाहून दारातच थांबली. म्हटलं काय झालं? म्हणे, "काही नाई. बटणं लागली आहेत तुमची."

लागली असतील. मी कुठं ध्यान देऊ. डोस्क्यात उतरवायचं कसं हेच चालू आहे.

४ जानेवारी, रविवार

उडवणं आता जमते. समोरून येणंही जमते, टेकू देत आणतो. उतरवणं जमत नाई.

रस्त्याच्या सरळ रेषेत आणलं, मोटर कमी केली, विमान खाली यायले लागलं की माझा उजवा हात आपोआप दांडी मागं ओढते. ओढली की नाक वर, वेग संपला, धप्पकन खाली. तीनदा तसंच. तिसऱ्यांदा पुढचा पंखा तुटला, अन् एक चाक निघून गटारात.

सौरव घरी विचारते, "उतरलं का?" मी म्हटलं, "उतरलं. तुकड्यातुकड्यात." हासला नाई तो. त्यानं मोबाईल दाखवला. उमरेडवाल्याचा मेसेज होता, पंधरा तारखेले येतो म्हणून.

पुढचा रविवार शेवटचा.

५ जानेवारी

सगळा दिवस काही नाई. विमान कपाटावर ठेवलं. जमत नाई ते नाई. वय झालं असंन.

असं वाटलं खरं. लिहिलं म्हणून कोणाले सांगू नका.

७ जानेवारी

गच्चीवर श्रीधर पतंग उडवून राहिला होता. म्हणजे पतंग त्याले उडवून राहिली होती. शामला मांजाची चक्री धरून उभी. माझ्यानं पाहवलं नाई. म्हटलं, "दे इकडं."

कित्येक दिवसांनी मांजा हातात घेतला. साधा सुती, तो कापणारा नाई. पतंग खाली यायले लागली. श्रीधर म्हणे, "ओढ गा, ओढ!"

मी म्हटलं, "येड्या, पडणाऱ्या पतंगीले ओढलं तं ती तुटून पडते. ढील द्या लागते. ढील देल्ली की ती आपली आपण हवा पकडते, मंग ओढायचं."

डाव्या हातातून मांजा सोडला, बोटाबोटातून, सर्र. पतंग सावरली. मंग बारीक एक ठुमकी. वर.

अन् मी तिथीच थांबलो.

शामला म्हणे, "अजी, काय झालं? हात दुखते का?"

हात कायले दुखते! तिकडं लेआउटात मी पडणाऱ्या विमानाले ओढून राहिलो होतो. सारा जन्म पतंगी उडवल्या, शेपटीची चिंधी तेवढी आठवली अन् ढील इसरलो.

श्रीधरले सांगतलं. तो म्हणे, "हेच तं मी व्हिडिओत पाहिलं, नाक थोडं खाली ठेवून वेग राखा लागते." म्हटलं, "व्हिडिओतलं तू ठेव. मले पतंगीनं सांगतलं." त्याच्यावर दोघंही हासलो.

मंग मी त्याले नटाचंही सांगून टाकलं. म्हणे, "मले त्याच दिवशी दिसले नव्हते." बिस्कीट बुडवलं तेव्हाच मले समजायले पायजे होतं.

११ जानेवारी, रविवार

सगळे आले. सौरव, उत्तरा, शामला, श्रीधर. शामलानं डब्यात तिळाच्या वड्या घेतल्या, जशी यात्रा आहे.

उत्तरेकडून गार वारं. वाऱ्याच्या तोंडावर ठेवलं. चाक अन् पंखा नवा लावला होता, म्हणून आधी सगळं तपासलं. दांडी उजवीकडं तं उजव्या पंखाची पट्टी वर, डावीकडं तं डावी वर. बॅटरी पुढं, झाकण बंद. ड्रायव्हर गाडी काढायच्या आधी चाकाले लाथ मारते, तसं मी चाकाले बोट लावलं.

डावी दांडी. टिक टिक टिक. पळालं, सुटलं.

एक मोठा गोल घेतला कमानीवरून. दुसरा घेतला. शामला वर पाहत तोंड उघडं ठेवून उभी. सौरवची चेष्टा बंद. मंग विमान लांब नेलं, वळवलं अन् रस्त्याच्या रेषेत आणलं. समोरून येऊन राहिलं. माझ्या उजवीकडचा पंख झुकला, उजवीकडून टेकू. सावरलं.

"आता," श्रीधर म्हणे.

"चूप रहाय गा," मी म्हटलं.

डावा अंगठा खाली आणला. एक टिक. विमान खाली आलं. उजव्या हातानं ओढावं वाटलं, नाई ओढलं. ढील देल्ली. नाक जरासं खाली, वेग टिकला. आणखी एक टिक. आणखी एक. असं बारीक बारीक मोजून मी एसटीचा ॲक्सिलेटरही कवा सोडला नसंन. फाट्यावर म्हातारी बाई उतरत असताना सोडत होतो, तेवढं हळू. कमानीपाशी आलं, माझ्या कमरेएवढं, गुडघ्याएवढं. मोटर बंद. मंग उजव्या दांडीले बारीक एक ठुमकी.

चाकं टेकली.

उसळलं नाई. सरळ रस्त्यानं पळत आलं, हळू झालं अन् माझ्या चपलेच्या पुढं येऊन थांबलं. पंख्याचं एक पातं हललं अन् तेही थांबलं.

मी म्हटलं, "पाचगाव आलं, उतरा."

श्रीधरनं मले मिठी मारली. शामलानं आधी विमानाच्या नाकाले, मंग माझ्या तोंडात वडी लावली. सौरव विमानाकडं पाहूनच नव्हता राहिला, माझ्या हाताकडं पाहून राहिला होता. मंग बाजूले जाऊन उत्तराले काहीतरी बोलला अन् तिनं त्याच्या पाठीत धपाटा मारला. नवरा-बायकोचं काय असंन ते.

उत्तराले म्हटलं, "आज तरी विमान घेतलं का व्हिडिओत?"

म्हणे, "इसरली, बाबा."

एवढी मोठी लँडिंग! इसरली!

१२ जानेवारी

धंतोली. उत्तरानं डॉक्टरले मोबाईल देल्ला. तो पहिल्यापासून सगळे व्हिडिओ पाहत बसला, डिसेंबरचा, मंग दुसरा, मंग कालचा. बाहेर पेशंटची गर्दी अन् हा व्हिडिओ पाहून राहिला. विमानाचा शौकीन दिसते. त्यात विमान नाईच म्हटलं तरी खूश.

मंग म्हणे, "काका, माझी दोन बोटं दाबा." दाबली. म्हणे, "बस्स बस्स, सोडा." चिमटीत कागद धरायले लावला अन् ओढला. नाई निघाला. फाटला.

"रोजचा व्यायाम लिहिला का डायरीत?"

म्हटलं, "केलाच नाई तं काय लिहू? खोटं लिहीत नाई मी."

डॉक्टर अन् उत्तरा एकमेकाकडं पाहून हासले. हासण्यासारखं काय होतं समजलं नाई. पण स्कूटरले हो म्हणाला. पहिले आठ दिवस गल्लीतल्या गल्लीत, गर्दीत नाई, जोरात नाई. चालते.

१५ जानेवारी

सकाळी उमरेडवाला आला. सौरवनंच त्याले दारात सांगतलं, "विकायची नाई. बाबा चालवतात."

चालवतात म्हणे. ऐकायले बरं वाटलं.

किल्ली तांदळाच्या डब्यात होती. म्हणजे शामलाही सामील. ते पाहून घेईन.

किक मारली. तिसऱ्या किकले लागली, धूर सोडला. क्लच दाबला. बोटं चारही आली. गेअर फिरवला, पहिला. मंग दुसरा. हाताले काही विचारा लागलं नाई, त्यानं आपलं आपण केलं. शामला मागं बसली, मांडीवर विमान आडवं. दोन्ही बाजूनं पंख बाहेर. महालची गल्ली, समोरून कोणी येऊ शकत नव्हतं. भाजीवाली ओरडली, "काकाजी, उडवता का स्कूटर?"

म्हटलं, "सर वं बाजूले, येऊन राहिलो!"

गल्लीचे चार फेरे मारले. शामला दुसऱ्या फेऱ्याले म्हणाली उतरते, तिसऱ्याले म्हणाली आणखी एक.

घरी आल्यावर उत्तराले विचारलं, प्रदर्शन कवा आहे, विमान पुसून ठेवतो. म्हणे, "रद्द झालं, बाबा." शाळेवाल्याइचं असंच राहते. म्हटलं, "मंग विमान माझ्याजवळ ठेवतो. श्रीधरले शिकवा लागते."

रबराचा बॉल अजून पुडक्यातच आहे, कोरा करकरीत. कोणाले गरज असंन त्याले देऊन टाकीन.

डॉक्टरनं सांगतलं, यापुढं तरी खरं खरं लिहा. आजपासूनच लिहितो.

व्यायाम: काही नाई.